आईंचा बॉल बदललाय, अण्णांना विसर पडतोय : घरी ठेवायचं की केअर सेंटरला?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ७४ वर्षांच्या, बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून बॉल बदललाय, आज सोळावा दिवस. अण्णा ७९, शाळेतून रिटायर, दोन वर्षांपासून विसर पडतोय आणि आता रात्रीचं उठून बाहेरचं दार उघडतात. घर जुळे सोलापुरात, तुम्ही पुण्यात, ताई हैदराबादला, तुमची पोरगी दहावीला. ताई म्हणतात पुण्याजवळ चांगलं नर्सिंग होम बघून दोघांनाही तिथं ठेवू. काका म्हणतात घरी बाई ठेवा, आईबापाला आश्रमात टाकलं तर लोक तोंडात शेण घालतील. आणि तुमची रजा दहा दिवसांत संपतेय.

मी सिस्टर आहे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. नऊ वर्षं वॉर्डात काढली आणि गेली चौदा वर्षं सोलापुरात घरोघरी जाऊन पेशंट बघते. ड्रेसिंग, नळ्या बदलणं, घरच्यांना शिकवणं, बायांना तयार करणं हेच काम. तुमच्यासारखी घरं महिन्याला दोन-चार तरी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे या दहा दिवसांत कायमचं काहीच ठरवू नका. तुमच्या घरात दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही दोघांना एकाच पिशवीत घालताय. आईंचं दुखणं बरं होणारं आहे. नीट व्यायाम झाला तर तीन महिन्यांत त्या वॉकर नाहीतर काठीवर घरात हिंडतील, कदाचित स्वतःचा चहा स्वतः करतील. अण्णांचं दुखणं मात्र हळूहळू वाढत जाणारं. आज आई पलंगावर आणि अण्णा दारात, म्हणून सगळं अंगावर आल्यासारखं वाटतंय, पण आत्ताची अडचण बरीचशी तीन महिन्यांची आहे. तीन महिन्यांच्या अडचणीसाठी घराला कुलूप लावून, भांडीकुंडी वाटून मोकळी झालेली माणसं मी बघितलीत, आणि नंतर आई ठणठणीत झाली तेव्हा तिला परत यायला घरच उरलं नव्हतं.

शब्दाचं पण बघा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे पाच-दहा खाटांचा खाजगी दवाखाना, तिथं कुणी म्हाताऱ्या माणसाला महिनोन्‌महिने ठेवून घेत नाही. ताई म्हणतायत ते दोनपैकी एक असणार. एक वृद्धाश्रम, तिथं बहुतेक ठिकाणी स्वतःचं स्वतः उठून जेवणारा, संडासला जाणारा माणूसच घेतात. दुसरं केअर सेंटर, तिथं अंथरुणावरचे, नळी घातलेले, डिमेन्शियाचे म्हणजे विसराच्या आजाराचे पेशंट घेतात, स्टाफ असतो, डॉक्टर येऊन बघून जातात. चौकशीचा फोन करताना पहिलाच प्रश्न हा विचारा, नाहीतर आठ दिवस चुकीच्या जागा बघण्यात जातील.

आता माझी पद्धत सांगते. घर की सेंटर हा वाद बाजूला ठेवा आणि वहीत चोवीस तास लिहून काढा. सकाळी सहाला कोण उठवणार, संडासला कोण नेणार, आंघोळ कोण घालणार, गोळ्या कोण देणार, दुपारी दोन ते पाच कोण असणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री दोन वाजता कोण जागं असणार. दिवस कसाही निघतो, शेजारी असतात, काका येतात, दूधवाला येतो. घरं मोडतात ती रात्रीनं. सलग तीन आठवडे रात्री चार-चार वेळा उठणाऱ्या माणसाचं डोकं ताळ्यावर राहत नाही, मग तो पोरगा असो, सून असो नाहीतर पगारी बाई असो, आणि मग जीव लावणारं माणूससुद्धा हात उगारतं, मी डोळ्यांनी बघितलंय. लोक म्हणतात चोवीस तासांची बाई ठेवली की झालं. अहो, चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास घरात असणारी बाई, चोवीस तास जागी असणारी नव्हे, ती पण माणूस आहे, तिला सहा-सात तास झोप लागणारच. अण्णा रात्री उठून फिरतात म्हटल्यावर तुम्हाला खरी गरज आहे ती रात्रीच्या बारा तासांच्या वेगळ्या ड्युटीची, नाहीतर दाराला आतून वर उंचावर कडी आणि दार हललं की वाजणारी बेल, निदान इतकं तरी.

रात्रीवरून एक आजोबा आठवले. सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये आयुष्य गेलेलं, साच्यावर म्हणजे मागावर, रात्रपाळीचे कामगार. मिल बंद होऊन जमाना झाला, पण विसर पडायला लागल्यावर ते रोज रात्री अकराच्या सुमाराला उठून बसायचे, भोंगा झाला का विचारायचे आणि चप्पल शोधायचे. घरचे दार अडवायचे, मग आरडाओरडा, एकदा पोराला ढकलून दिलं. झोपेच्या गोळीचा डोस वाढवला तर सकाळी तोल जाऊन पडले. मी सुनेला म्हटलं, एक काम करा, रात्री त्यांच्या हातात डबा द्या. खरोखर पितळी डबा, आत भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी. चप्पल घालू द्या, दारापाशी खुर्चीवर बसवा आणि म्हणा, आज पाळी उशिरा आहे, भोंगा झाला की हाक मारते. ते डबा मांडीवर घेऊन बसायचे, अर्ध्या तासात पेंगायचे, मग हात धरून आणून झोपवायचं. पुढं दीड वर्ष तो माणूस घरीच राहिला. मला म्हणायचंय ते हे की अण्णा दार उघडून कुठं निघतात ते आधी बघा. शाळेत निघत असतील. एखादं जुनं हजेरीबुक हातात दिलं तर काय होतं बघा.

आणि अण्णांची भाषा. तुम्ही लिहिलंय की मूळ घर अक्कलकोटकडचं आणि हल्ली अण्णा मधेच कन्नडमध्ये बोलतात. हे डिमेन्शियात होतं, नंतर शिकलेलं आधी जातं आणि आईच्या मांडीवर शिकलेलं शेवटपर्यंत राहतं. पुण्याजवळच्या सेंटरमध्ये त्यांना 'नीर कोडु' कळणारं कोण असणार? तहान लागली तरी पाणी मिळणार नाही, मग चिडणार, मग स्टाफ म्हणणार पेशंट अग्रेसिव्ह आहे. सोलापुरात कन्नड कळणारी बाई सहज मिळते, तेलुगूवाली पण मिळते, आपल्या गावाचं हे लई मोठं भाग्य आहे. बाई ठरवताना पहिल्या दिवशी तिला अण्णांशी कन्नडमध्ये पाच मिनिटं बोलायला लावा आणि अण्णांचा चेहरा बघा. माझ्यासाठी ती मुलाखत पुरेशी असते.

आईंचं सांगते. दवाखान्यातून सोडताना तुम्हाला सांगितलं असेलच, तरी परत सांगते, बॉल बदललेल्या पेशंटला झोपवून ठेवायचं नसतं. 'तीन महिने आराम' हे काका सांगतील, ऐकू नका. रोज उठून बसणं, वॉकर धरून चालणं, फिजिओथेरपिस्ट घरी येऊन व्यायाम हे व्हायलाच पाहिजे. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत खाली बसणं नाही, मांडी नाही, उकिडवं नाही, पाटावर बसून आंघोळ नाही, घरात भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची घ्या. कुशीवर वळवताना दोन पायांमध्ये उशी. एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा धाप लागली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, रक्ताची गुठळी असू शकते.

पडून राहून पाठीला होणाऱ्या जखमांबद्दल जरा जास्त बोलते कारण माझं अर्धं आयुष्य त्या धुण्यात गेलंय. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, खुर्चीत बसवलं तरी मधे मधे उठवायचं. रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे आणि टाचा उजेडात बघायच्या. लाल दिसलं तर बोटानं दाबायचं, सोडायचं. पांढरं पडून परत लाल झालं तर अजून वेळ आहे, दाबूनही रंग हलला नाही तर जखम आतून सुरू झालीय असं धरायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, तिथं काळपट-जांभळं दिसतं नाहीतर हाताला गरम, कडक लागतं, म्हणून डोळ्यांबरोबर हात पण फिरवायचा. सरकवताना ओढायचं नाही, खाली टेरी टॉवेल घालून दोघांनी दोन्हीकडून धरून उचलायचं. हवेची गादी आणलीत तर तिच्यावर जाड सोलापुरी चादर घालू नका, प्रेमानं घालतात लोक, पण मग गादीचा उपयोगच राहत नाही, पातळ सुती चादर, एकही सुरकुती नको.

बाई कुठून मिळते तर बाया पुरवणाऱ्या ब्यूरोतून किंवा ओळखीतून. ब्यूरोवाले सर्रास 'सिस्टर पाठवतो' म्हणतात. सिस्टर म्हणजे एएनएम किंवा जीएनएम झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेली. बाकी सगळ्या केअरटेकर. केअरटेकर वाईट नसतात, माझ्या हाताखाली तयार झालेल्या काही जणी विडीकाम सोडून या कामाला आल्यात आणि कुठल्याही सिस्टरइतक्या मायेनं करतात, पण त्यांनी इंजेक्शन द्यायचं नाही, नळी बदलायची नाही, गोळीचा डोस स्वतःच्या मनानं कमीजास्त करायचा नाही. ठरवताना आधार कार्डाची झेरॉक्स, पोलीस व्हेरिफिकेशन, राहायचा पत्ता. तिचं जेवण, झोपायची जागा, आठवड्याची सुट्टी हे आधीच बोलून घ्या, सुट्टी द्यायचीच. सुट्टीच्या दिवशी कोण येणार ते पण लिहून ठेवा, कारण आठवड्याला एक धरली तरी वर्षाला बावन्न दिवस होतात. वर दसरा, दिवाळी, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, जानेवारीत गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. गड्ड्याच्या आठवड्यात मला जितके फोन येतात तितके वर्षभरात येत नाहीत, सगळ्यांच्या बाया एकदम सुट्टीवर. घरातलं सोनं, चेकबुक कपाटात बंद करा, म्हणजे उद्या काही सापडलं नाही तर गरीब बाईवर आळ येत नाही.

सोलापुरात घरी पेशंट ठेवायचा तर पाण्याचा हिशोब पण मांडावा लागतो, हे पुण्यातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी. अंथरूण ओलं करणारा पेशंट असला की रोज दोन-तीन चादरी, टॉवेल, गाऊन धुवायचे, ते कुठल्या पाण्यानं? टाकी किती लिटरची आहे, बोअर आहे का, बघून घ्या. डायपर वापरले तर दिवसाला तीन-चार, म्हणजे महिन्याला नव्वद ते एकशेवीस, हा खर्च लोक बाईच्या पगारात धरायलाच विसरतात. फिजिओ, औषधं, घरी येणाऱ्या सिस्टरची फी, बाईचं जेवण, इन्व्हर्टर, हे सगळं धरून मग सेंटरच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना करा. सेंटरवाल्यांना पण विचारा की डायपर, औषधं, डॉक्टर व्हिजिट आकड्यात धरलीत की वेगळी, डिपॉझिट परत मिळतं का आणि किती दिवसांत.

एप्रिल-मे आला की वेगळी काळजी. बाहेर ४२-४३ डिग्री आणि म्हातारी माणसं लघवीला उठावं लागतं म्हणून पाणीच पीत नाहीत. अण्णा एक-दोन दिवसांत अचानक जास्त बिघडले, भलतंच बोलायला लागले किंवा नुसतेच झोपून राहायला लागले तर 'डिमेन्शिया वाढला' म्हणून बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, चार दिवस संडास न होणं, नवीन गोळी, यातलं काहीतरी असतं बऱ्याचदा, आणि ते तपासलं तर बरं होतं. अशाच अचानक बिघडलेल्या पेशंटला घरच्यांनी घाईघाईत कायमचं सेंटरला नेऊन ठेवलेलं मी बघितलंय आणि मनाला लई लागतं.

आता सेंटरबद्दल. मी विरोधात नाही. माझ्या स्वतःच्या सासूबाई शेवटचे अकरा महिने केअर सेंटरला होत्या. माझ्या ड्युट्या, मिस्टरांचं पॉवरलूमचं काम, त्यात त्यांना गिळता येईना म्हणून नाकातून नळी. दुसऱ्यांच्या नळ्या बघणारी बाई स्वतःच्या सासूला बाहेर ठेवते असं भाऊबंद तोंडावर बोलले. मी रोज संध्याकाळी जायचे, केस विंचरायचे, नळीतून फीड चालू असताना डोक्याकडची बाजू वर आहे ना बघायचे, फीडनंतर अर्धा तास बसतं ठेवलं ना विचारायचे. घरी असत्या तर मी दमून त्यांच्यावर खेकसले असते. तिथं होत्या म्हणून शेवटपर्यंत त्यांच्याशी गोड बोलू शकले. तेव्हा काकांना माझ्याकडून सांगा की टाकणं वेगळं आणि ठेवणं वेगळं, आणि त्यातला फरक रोज जाणाऱ्या माणसाला ठाऊक असतो.

सेंटर बघायला सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळं चकाचक असतं. रविवारी किंवा संध्याकाळी सात-आठला न सांगता जा. दारात वास कसला येतो ते बघा. पेशंटची नखं बघा, ओठ कोरडे आहेत का, पाण्याचा तांब्या हाताशी आहे का, टाचा बघायला मिळाल्या तर बघा. रात्री किती पेशंटमागे किती माणसं जागी असतात ते विचारा आणि त्यांच्या झोपायच्या गाद्या कुठं आहेत ते पण बघा. फिरणाऱ्या पेशंटला काय करता असं विचारलं आणि 'बांधून ठेवतो' असं सहज उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. गोळ्यांचा चार्ट दाखवा म्हणा. रात्री त्रास झाला तर कुठल्या दवाखान्यात नेणार, सही कुणाची, तुम्ही पोहोचेपर्यंत सोबत कोण थांबणार. पुढं अंथरुणाला खिळले तर ठेवणार की घेऊन जा म्हणणार, हे लेखी घ्या. एका घराला फक्त दोन दिवसांची मुदत देऊन पेशंट न्यायला सांगितलं होतं, त्यांची ती धावपळ मी बघितलीय. आणि जागा अशी निवडा जिथं न सांगता जाणारी माणसं जास्त आहेत. तुमची बाकीची माणसं सोलापुरात आणि सेंटर पुण्याबाहेर चाळीस किलोमीटरवर, तिथं तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा जाणार. ज्याच्याकडं कुणी ना कुणी येत राहतं त्या पेशंटची काळजी जास्त घेतली जाते, कितीही चांगलं सेंटर असलं तरी.

कागदपत्रांचं थोडक्यात. अण्णांना सही कळतेय तोपर्यंत पेन्शनच्या खात्यावर आईंचं नाव आहे का बघा, नसेल तर बँकेत जाऊन घाला. मुखत्यारपत्र केलं की झालं असं सगळ्यांना वाटतं, पण माणसाला समज राहिली नाही की साधं मुखत्यारपत्र कायद्यानं टिकत नाही. हयातीचा दाखला आता घरबसल्या सरकारच्या जीवन प्रमाण ॲपवर होतो, त्यासाठी त्यांना रांगेत नेऊ नका. सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यात ॲडमिट झाल्याचा खर्च, घरच्या बाईचा किंवा सेंटरचा खर्च त्यात येत नाही. कुणी म्हणालं आत्ताच घर नावावर करून घ्या, तर नको. आणि पुढं कधी केलंच तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहा, मग २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात न सांभाळल्यास ते रद्द करून मागता येतं, अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा हेल्पलाइन नंबर घरात फोनजवळ मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सरळ लिहिते. तीन महिने दोघं घरीच, एकत्र. दिवसाला एक बाई, कन्नड कळणारी, आणि रात्रीला वेगळी. फिजिओ सुरुवातीला रोज. आठवड्यातून एकदा एक शिकलेली सिस्टर येऊन पाठ, बीपी, शुगर, गोळ्या बघून वहीत लिहून जाणार, त्या पानाचा फोटो तुम्हाला आणि ताईंना. बाथरूममध्ये धरायच्या दांड्या, खरखरीत फरशी, रात्रीचा दिवा. पैसे तुम्ही आणि ताई निम्मे-निम्मे, आणि काकांना इतकं काळजीचं वाटतंय तर रविवारची दुपार त्यांची, बाईची सुट्टी तेव्हाच ठेवायची. त्याच तीन महिन्यांत सोलापुरातली दोन-तीन सेंटर बघून ठेवायची, म्हणजे गरज पडली तर घाईत जाऊन पडेल ती जागा घ्यावी लागणार नाही. तीन महिन्यांनी आई चालायला लागल्या आणि अण्णांची रात्र आटोक्यात असली तर एकच बाई पुरेल. अण्णा आईंना ओळखेनासे झाले, त्यांच्यावर हात टाकायला लागले, किंवा गिळताना सारखा ठसका लागून छातीत कफ व्हायला लागला तर मग फक्त अण्णांसाठी सेंटरचा विचार, घरापासून रिक्षानं जाता येईल असं, आई रोज जाऊन बसतील असं.

एक राहिलं. तुमच्या अख्ख्या प्रश्नात ताई काय म्हणतात आहे, काका काय म्हणतात आहे, तुमची बायको काय म्हणते तेही आहे, आई काय म्हणतात ते कुठंच नाही. त्यांचं डोकं एकदम शाबूत आहे, मोडलाय तो खुबा. पंचेचाळीस-पन्नास वर्षं त्यांनी अण्णांबरोबर काढलीत, त्यांना अण्णांच्या शेजारी झोपायचंय की रात्री एकदा तरी अखंड झोप पाहिजे, हे त्यांनाच ठाऊक. या शुक्रवारी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं परत येताय ना, तर शनिवारी सकाळी अण्णांना काकांबरोबर बागेत पाठवा, आईंना खुर्चीत नीट बसवा, चहा द्या आणि विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर थांबा, मधे बोलू नका.